हवेचा कायदा

डोंबिवलीत 2014 साली हिरवा पाऊस पडला. 2020 साली कारखान्यांजवळचा रस्ता गुलाबी झाला. रंग डोळ्यांना दिसला, म्हणून बोभाटा झाला. वास दिसत नाही. तो नाकाला झोंबतो नि सकाळी निघून जातो.

हवेसाठी कायदा आहे. तो 1981 सालचा. बहुतेक कारखाने काढायचे तर आधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. धुराड्यातून काय नि किती सोडायचे, ते मंडळ ठरवून देते. 1984 साली भोपाळला विषारी वायूने हजारो माणसे मेली. मग 1987 साली हा कायदा कडक केला. आता मंडळ कारखाना बंद करवू शकते, त्याची वीज नि पाणीही तोडवू शकते.

वास रात्री जास्त का येतो? रात्री जमिनीजवळची हवा गार होते, वर चढत नाही. धूर खालीच साचतो. तपासणीला माणूस येईतो उजाडलेले असते!

मंडळाची कचेरी कल्याणला आहे, ठाण्यालाही आहे. अर्जात नुसते ‘वास येतो’ लिहून भागत नाही. आम्ही म्हणतो, आधी वहीत टिपावे, मग अर्जात उतरावे, नि पोच घ्यावी. टिपण असे असावे:

मंगळवार, रात्री 11. वास कुजक्या अंड्यासारखा. डोळे चुरचुरले. वारा पूर्वेकडून.