पंचामृतातील मध आणि दारची माशी

पंचामृताला दूध, दही, तूप, साखर आणि मध लागतो. पहिल्या चार वस्तू कोठून आल्या हे घरची गृहिणी सांगेल. मध कसा आला हे बहुधा कोणीच सांगू शकत नाही. जुनी रीत अशी की रानातील मोहोळाला जाळ दाखवायचा, पोळे उतरवायचे आणि हातांनी पिळायचे. त्यात मधाबरोबर अंडी आणि अळ्याही चिरडल्या जातात. असा मध देवाच्या मस्तकावर घालावा काय, हे वाचकांनीच ठरवावे. आपल्या नागपूरच्या शेजारी, वर्ध्याच्या गोपाल पालीवाल यांनी मध गोळा करणाऱ्या मंडळींना निराळी रीत शिकविली. आग्या मोहोळात मध वरच्या एका बाजूस साठलेला असतो. तेवढाच कापून घ्यायचा, पिल्लांचा भाग तसाच सोडायचा. तेव्हा दुकानात ‘मध शुद्ध आहे ना?’ एवढ्यावर थांबू नये, ‘काढला कसा?’ हेही विचारावे.

आता दारच्या माशीकडे वळू. नागपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्या दिवसांत कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर माशा जमतात आणि घरात ओरड होते, ‘आता इथंच पोळं करणार!’ तसे नव्हे हो. उन्हाने पोळ्यातील मेण मऊ पडते, पिल्ले होरपळतात. म्हणून माशा पाणी नेऊन पोळ्यात पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. आपण जो उद्योग विजेवर करतो तोच त्या अंगमेहनतीने करतात. त्यांना सावलीत एक मातीचे परळ द्यावे. त्यात खडे घालून खडे बुडणार नाहीत इतपत पाणी ठेवावे, नाहीतर माशा बुडून मरतात. जागा मात्र रोज तीच हवी. काही भाविक लोक गुळाचे पाणी ठेवतात. ते ठेवू नये. त्याने पोळ्यापोळ्यांत लुटालूट होते आणि रोगही पसरतो.

तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या की रोप भरते, हे आम्हांस मान्य आहे. पण सगळ्याच खुडू नका. दोन-चार फांद्या फुलू द्या. सकाळी त्यांवर फुलोरी माशी येते. ती इवलीशी, झुडपाच्या डहाळीवर तळहाताएवढे पोळे करणारी. कुंपणावर भोपळा, काकडी, कारले लावणाऱ्यांनी तर हिचे उपकारच मानावे. या वेलांची नर आणि मादी फुले वेगळी असतात. माशी फिरकली नाही तर कोवळे फळ पिवळे पडून गळते, आणि आपण खताला दोष देत बसतो! लिंबाच्या झाडाला बहार असताना त्यावर औषध मारू नये. मारणे भागच पडले तर फुले गळून गेल्यावर, तेही तिन्हीसांजेला.

खरा प्रश्न पडतो तो इमारतीच्या टाकीखाली आग्या मोहोळ लागले म्हणजे. भीती खोटी नाही. आग्याच्या डंखांनी माणसे दगावली आहेत. परंतु रात्री रॉकेलचा बोळा पेटवून हजारो जीव जाळणे हा उपाय नव्हे, आणि ते सुरक्षितही नाही. नुसता घोस लटकला असेल, पोळे दिसत नसेल, तर थवा वाटेत विसावलेला असण्याचा संभव असतो. थोडी वाट पाहावी. पोळे बांधले तरी आग्या ऋतू पालटला की काही महिन्यांनी आपणच निघून जाते. रहदारीची, शाळेची किंवा दवाखान्याची जागा असेल तर जाणत्या माणसाकडून ते न जाळता हलवावे.

तोवर खाली धूर करू नये, मुलांना दगड मारू देऊ नये. माशी चावली तर तिला तेथेच चिरडू नका. तिच्या वासाने बाकीच्या धावून येतात. बंद खोलीत जावे, काटा नखाने ताबडतोब खरवडून काढावा. डंख पुष्कळ असतील वा श्वास कोंडत असेल तर तडक दवाखाना गाठावा, घरगुती लेपात वेळ घालवू नये.

आणखी एक. आग्या माशी रात्री दिव्याकडे ओढली जाते. मोहोळ समोर असेल तर त्या बाजूचा गच्चीवरचा दिवा मालवावा, खिडकीला पडदा लावावा; म्हणजे सकाळी दिव्याखालून मेलेल्या माशांचा केर काढावा लागत नाही.