आधी निब वाचा

समजा, पुण्याच्या मंडईत माल विकून तुम्ही बाहेर पडलात. पथारीवर शाईचे जुने पेन दिसले. पथारीवाला म्हणतो, "दादा, निब सोन्याची हाय. हजार रुपये द्या."

हजार द्यायचे का? थांबा. आधी निब वाचा.

सोन्याच्या निबेवर बहुधा १४ हा आकडा कोरलेला असतो. तो इंग्रजी वळणाचा असतो. २४ भागांत १४ भाग सोने, असा त्याचा अर्थ. कुठे ५८५ असते. म्हणजे हजारात ५८५ भाग सोने. दोन्हींचे सोने जवळजवळ सारखेच.

आकडा नसेल, तर निब बहुधा पोलादाची. वर नुसते सोन्याचे पाणी. तिनेही चांगले लिहिता येते. पण भाव सोन्याचा देऊ नका. शिक्का खोटाही असतो. किंमत मोठी असेल, तर सोनाराला दाखवा.

मग टोक पाहा. टोकाला कठीण धातूचा बारीक मणी असतो. तो गेला असेल, तर निब कागद खरवडते. पेन चिरलेले नाही ना, तेही पाहा. शेवटी शाई भरून आपले नाव लिहा.

मंडईची इमारत १८८६ साली उभी राहिली. जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी तिला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. आज मंडईला त्यांचेच नाव आहे. आकडे वाचता आले, की कष्टाचे पैसे वाचतात.

सांगा : निबेवरच्या १४ चा अर्थ काय?