जुन्या व्हॅनचा गळका ब्रेक पाइप

प्रश्न : गांधीबागेतील ठोक बाजारात कापडाचे गठ्ठे पोहोचवणाऱ्या जुन्या व्हॅनच्या मागील चाकाजवळ ब्रेक ऑइल ठिबकते, पाइपला डाग देऊन भागेल का?

उत्तर : भागणार नाही. पेडल दाबताच पाइपमधील दाब प्रचंड वाढत असल्याने डाग किंवा एम-सील तेथे टिकत नाही, आणि ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषत असल्यामुळे पोलादी पाइप आतूनही गंजलेला असू शकतो. गाडी टोचन करून न्यावी, पूर्ण पाइप बदलून त्याची टोके दुहेरी फ्लेअरने, म्हणजे कड दोनदा दुमडून, बसवावीत आणि ब्लीडिंग, अर्थात आत शिरलेली हवा निपलवाटे काढणे, करून घ्यावे. टाकीत ऑइलची भर घालत गाडी हाकणे हा निव्वळ जुगार होय. ओल ड्रमच्या आतून येत असल्यास मात्र दोष बहुधा व्हील सिलिंडरच्या रबरी वॉशरचा असतो.