विक्रीकर आणि हिशेबाचे समीकरण

मालमत्ता बरोबर देणी अधिक भांडवल, हे हिशेबशास्त्राचे मूळ समीकरण होय. लुका पाचोली याने १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात ज्या द्विनोंदी पद्धतीचे विवेचन केले, तिचा सारा डोलारा या समीकरणावर उभा आहे. विक्रीवरील कराची नोंद करताना मात्र अनेक व्यापाऱ्यांचा येथेच गोंधळ उडतो. गल्ल्यात आलेली सर्व रक्कम आपलीच, असा त्यांचा समज होतो.

बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवर आगऱ्यापासून दोम्मसंद्रापर्यंत गृहसंकुले उभी राहिली आहेत. नवे घर म्हटले की पाठोपाठ कपाट आणि पलंग आलेच. समजा, तेथे एकाने बँकेत १,००,००० रुपये भरून फर्निचरचे दुकान थाटले. मालमत्ता एक लाख, भांडवल एक लाख, देणे शून्य.

त्याने कर्नाटकातीलच उत्पादकाकडून १०,००० रुपयांचे पोलादी कपाट घेतले व १८ टक्के दराने १,८०० रुपये वस्तू व सेवा कर दिला. बँकेतून ११,८०० रुपये गेले; परंतु १०,००० रुपयांचा माल आला आणि १,८०० रुपये शासनाकडून वजावटीच्या रूपाने येणे झाले. मालमत्तेची बेरीज लाखावरच राहिली.

पुढे ते कपाट १५,००० रुपये अधिक २,७०० रुपये कर, अशा १७,७०० रुपयांना विकले गेले. बँकेत आता १,०५,९०० रुपये व येणे १,८०० रुपये, म्हणजे एकूण १,०७,७०० रुपये. उजव्या बाजूस कराचे देणे २,७०० आणि भांडवल १,०५,०००. वाढले ते केवळ पाच हजारांनी! उरलेले २,७०० रुपये ग्राहकाने शासनासाठी दुकानदाराच्या हाती ठेवलेले आहेत. येणे वजा करून तो ९०० रुपये भरतो. केंद्राचा कर ४५० आणि राज्याचा ४५०; यांपैकी एकाची वजावट दुसऱ्याकडे वळविता येत नाही. भरणा झाल्यावर बँकेत १,०५,००० रुपये उरतात व देणे मिटते.

ही येण्याची नोंद फार जुनी नाही. पूर्वीच्या विक्रीकरात खरेदीवरील कर सामान्यतः मालाच्या किमतीतच मिसळून जाई. १ एप्रिल २००५ पासून कर्नाटकात, आणि त्याच दिवसापासून महाराष्ट्रातही, मूल्यवर्धित कर लागू झाला व वजावटीची पद्धत रुळली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराने तिची व्याप्ती वाढविली. आजही एकरकमी कराची, म्हणजे कंपोझिशनची, योजना स्वीकारणाऱ्या व्यापाऱ्याला ही वजावट मिळत नाही. त्याच्या वहीत तेच कपाट ११,८०० रुपयांनी लिहावे लागते. शिवाय उलाढालीवरील कर ग्राहकाकडून वेगळा घेता येत नसल्याने तो थेट भांडवलातून जातो.

खरा धोका विक्री आणि भरणा यांमधील दिवसांत असतो. मासिक विवरणपत्र भरणाऱ्याचा कर पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावयाचा असतो. तोपर्यंत खात्यातील शिल्लक फुगलेली दिसते आणि तिच्यातून नवा माल घेण्याचा मोह होतो. मुदत टळली की वार्षिक १८ टक्के दराने व्याज चढते, आणि सचोटीचा दुकानदारही थकबाकीदार ठरतो.

कर्जाच्या अर्जासोबत येणाऱ्या खातेउताऱ्यातील जमा आणि ताळेबंदातील विक्री यांत तफावत दिसली, तर शाखेतील सहकाऱ्यांनी लगेच शंका घेऊ नये. उताऱ्यात १७,७०० दिसतील, विक्रीत १५,००० आणि दोन्ही आकडे बरोबर असतील. मधले २,७०० रुपये देण्यांच्या बाजूस सापडतात की नाही, एवढेच पाहावे.