उसाच्या सरीतली डाळ आणि रात्रीचं ताट



या पानावर आपण नेहमी बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या आणि खोडव्याची निगा यांविषयी बोलतो. या वेळी विषय जरा वेगळा आहे, परंतु शेताबाहेरचा नाही. ऊस पिकवणाऱ्या घरात रात्री काय शिजतं आणि कोणाच्या ताटात काय पडतं, हा तो विषय. पुरुष मंडळींनी हा लेख घरी वाचून दाखवावा, आणि वाचून झाल्यावर चुलीपाशी थोडा हातही लावावा.

पाट आला, विहिरी झाल्या आणि उसाचं क्षेत्र वाढलं. पैसा आला, घरं पक्की झाली, मुलं शिकली. मात्र ज्या रानात शाळू, हरभरा, तूर, मूग, हुलगे असायचे, तिथं बांधापासून बांधापर्यंत ऊस उभा राहिला. जे रानातून गेलं ते हळूहळू ताटातूनही गेलं. दुकानातून डाळ विकत आणायची म्हटलं की हात आखडतो. मग आमटीत पाणी वाढतं, डाळ तळाला शोधावी लागते आणि भाताच्या ढिगावर पोट भरतं. पोट भरणं आणि अंगी लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसत्या नत्रावर ऊस हिरवागार दिसतो, पण स्फुरद-पालाश नसेल तर वजन भरत नाही, हे आपणास सांगायला नको. माणसाचंही तसंच आहे.

एक मूठ डाळीचा हिशोब

प्रौढ माणसाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. ज्वारीच्या दोन मध्यम भाकरींना दीडशे ग्रॅम पीठ धरलं तर त्यांतून १५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. त्यांच्यासोबत माणशी एक मूठ डाळ, म्हणजे ३० ते ४० ग्रॅम, शिजली तर आणखी सुमारे ७ ग्रॅमची भर पडते. वर वाटीभर दही किंवा ताक घेतलं की दिवसाच्या गरजेचा निम्मा वाटा रात्रीच्या एका जेवणात येतो.

यात आणखी एक मर्म आहे. धान्याच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जे कमी असतं ते धान्यात असतं. म्हणून भाकरी-पिठलं, डाळ-भात, खिचडी या जोड्या आपल्या आज्या-पणज्यांनी उगीच लावलेल्या नाहीत. एकाची उणीव दुसरं भरून काढतं.

आता खरा मुद्दा. डाळ पातेल्याच्या अंदाजाने न टाकता घरातल्या माणसांच्या मुठी मोजून टाकावी. पाच माणसं असतील तर पाच मुठी. त्या मोजणीत स्वयंपाक करणारी बाईही धरावी. अनेक घरांत ती सर्वांत शेवटी जेवते आणि तिच्या वाट्याला आमटीचं पाणी येतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. याला कारणं अनेक असतात आणि औषधोपचार डॉक्टरांच्याच सल्ल्याने करावा. परंतु सगळ्यांनी एकत्र बसून जेवणं आणि सर्वांना सारखं वाढणं, याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

पाच रात्री, पाच जेवणं

पुढील प्रमाण पाच माणसांचं आहे. वाटी म्हणजे आमटीची नेहमीची वाटी. तिखट-मीठ ज्याने-त्याने आपल्या घरच्या सवयीने घालावे.

१) सोलाण्याची आमटी. उसातला हरभरा घाट्यांनी भरला की हे जेवण करायचं. ओले दाणे असल्याने माणशी एकाऐवजी दोन मुठी धराव्यात. सोलाणे थोड्या तेलावर लोखंडी तव्यात डाग पडेपर्यंत परतावेत. मूठभर दाणे अख्खे बाजूला ठेवून बाकीचे सात-आठ लसूण पाकळ्या, चार हिरव्या मिरच्या, जिरे, सुके खोबरे आणि कोथिंबीर घालून जाडसर वाटावेत. मोहरी, हिंग, हळदीच्या फोडणीत हे वाटण चांगलं परतावं, मग पाच-सहा वाट्या गरम पाणी आणि अख्खे दाणे घालून दहा-बारा मिनिटं उकळावं. गार पाणी घालू नये, चव उतरते. सोबत गरम भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. भाकरी कुस्करून खाल्ली तर दुसरं काही लागत नाही.

२) घाईच्या रात्रीचं पिठलं. ज्या भागात अजून रात्रीची लाईट आहे तिथं पाणी धरायला जाण्याआधी पोटात गरम काही हवं. पंधरा मिनिटांत होणारं आणि भूक धरून ठेवणारं दुसरं कालवण नाही. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ दोन वाट्या घेऊन सहा वाट्या पाण्यातलं थोडं पाणी घालून गुठळी न राहील असं कालवावं. तेलात मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण, मिरच्या आणि उभे चिरलेले दोन कांदे परतून घ्यावेत. उरलेलं पाणी घालून उकळी आली की कालवलेलं पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने हलवत राहावं. मंद आचेवर झाकण ठेवून सात-आठ मिनिटं शिजू द्यावं. कच्चं पीठ पोटाला बाधतं, म्हणून तेवढा दम धरावा.

३) हुलग्याचे शेंगोळे. हुलगे म्हणजेच कुळीथ. हलक्या, मुरमाड तुकड्यात येणारं हे कडधान्य ताकदीला कोणालाही ऐकत नाही. कुळथाचे पीठ दोन वाट्या, ज्वारीचे पीठ पाऊण वाटी आणि कणीक पाव वाटी घ्यावी. त्यात लसूण, मिरची, जिऱ्याचे वाटण, ओवा, हळद आणि मीठ घालून घट्ट मळावे. हाताला तेल लावून पोळपाटावर बोटाएवढ्या वळ्या वळाव्यात व टोकं जुळवून कडी करावी. फोडणीत आठ-नऊ वाट्या पाणी घालून ते खळखळा उकळू लागलं की शेंगोळे एकेक करून सोडावेत. पहिली पाच मिनिटं डाव घालू नये, नाहीतर मोडतात. वीस-पंचवीस मिनिटांत शिजतात. रस पातळ वाटला तर चमचाभर पीठ पाण्यात कालवून लावावं. वरून कच्चं शेंगदाणा तेल किंवा तूप घ्यावं. मुलं हे जेवण मागून खातात, हा बहुतेक घरांचा अनुभव आहे.

४) बाजरीचा खिचडा. थंडीच्या दिवसांत, गळीत हंगाम जोरात असताना करण्यासारखा. दोन वाट्या बाजरीला पाण्याचा हबका मारून पंधरा मिनिटं ठेवावी. उखळात, नसेल तर मिक्सरमध्ये थांबत-थांबत फिरवून ती सडावी आणि कोंडा पाखडून टाकावा. तीत मुगाची डाळ एक वाटी व मूठभर शेंगदाणे घालून तिघांच्या मिळून पाचपट पाणी, हळद, मीठ घालावं आणि कुकरला सहा-सात शिट्ट्या कराव्यात. वर लसणाची फोडणी द्यावी. वाढताना तूप, सोबत ताक किंवा कढी. ज्यांचे दात गेले आहेत अशा वडीलधाऱ्या मंडळींसाठी थोडा जास्त घोटून वेगळा काढावा.

५) पालेभाजीचं गरगट्टं. सोलापूर-पंढरपूरकडची ही रीत सर्वांनी उचलण्यासारखी आहे. तूरडाळ एक वाटी, मूठभर हरभरा डाळ आणि मूठभर शेंगदाणे तासभर भिजवून शिजवावेत. पालक, मेथी, चुका, चाकवत, अंबाडी यांपैकी जे मिळेल ते, दोन जुड्यांइतकं, चिरून त्यातच शिजवावं आणि रवीने किंवा डावाने घोटावं. वरून भरपूर लसूण आणि सुक्या लाल मिरचीची फोडणी. भाकरीवर घ्या किंवा भातावर घ्या, दोन्हीकडे चालतं.

या पाचही जेवणांसोबत लिंबाची फोड आठवणीने ठेवावी. डाळी व पालेभाज्यांतलं लोह अंगी लागायला लिंबू मदत करतं. उलट, जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा ते अडवतो. म्हणून जेवण आणि चहा यांत एक तासाचं अंतर ठेवावं. गुळाविषयीही सांगितलं पाहिजे, कारण आपण गोडाच्या धंद्यातली माणसं. गुळात थोडं लोह असतं हे खरं, पण आपण तो खातो किती? रक्त वाढण्यासाठी गुळावर विसंबून राहू नये, आणि मधुमेह असलेल्यांनी तर जपूनच. गुळाचा खडा ही भाकरीची चव आहे, डाळीची बदली नव्हे.

ही डाळ आणायची कुठून?

पाच माणसांच्या कुटुंबाने माणशी रोज, दोन्ही वेळचं मिळून, ६० ग्रॅम डाळ खाल्ली तर वर्षाला साधारण ११० किलो लागते. दुकानाचा हिशोब केला तर हा आकडा मोठा वाटतो. शेताचा हिशोब केला तर तो लहान आहे. एकरभर उसातल्या आंतरपिकातून दोनच क्विंटल हरभरा निघेल असं कमीत कमी धरलं, तरी घरचा मोठा भाग भागून थोडा विकायला किंवा देवाण-घेवाणीला उरतो.

पूर्वहंगामी लागण ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. थंडीत उसाची उगवण व वाढ सावकाश असते, तेवढ्या काळात सरीतली मोकळी जागा तणाला द्यायची की हरभऱ्याला, एवढाच प्रश्न आहे. वरंब्याच्या बगलेला हरभरा टोकावा. जोडओळ पट्टा पद्धत असेल तर मोकळ्या पट्ट्यात दोन ओळी आरामात बसतात. किलोमागे पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळून नंतर २५ ग्रॅम रायझोबियम लावावे, बियाणं सावलीत सुकवून लगेच टोकावं. पाणी हलकं द्यावं, कारण हरभऱ्याला पाणी जास्त झालं की पीक उभळतं. महिनाभराने शेंडे खुडले की फुटवे वाढतात आणि खुडलेल्या शेंड्यांची त्याच रात्री भाजी होते. विजय, दिग्विजय यांसारखे वाण साधारण साडेतीन महिन्यांत निघतात, म्हणजे उसाच्या मोठ्या बांधणीच्या आत रान मोकळं होतं.

आडसाली उसात भुईमूग, सोयाबीन किंवा चवळी घ्यावी. सुरू उसात उन्हाळी भुईमूग, मूग, मेथी व कोथिंबीर घ्यावी. तूर उसाच्या सरीत घालू नये, ती उंच वाढून उसावर सावली धरते. तिला बांध द्यावा. हुलग्याला माळाचा तुकडा पुरतो. आंतरपिकाचा खताचा हिस्सा वेगळा द्यावा, उसाच्या वाट्यातला काढू नये.

एक इशारा मात्र ठळक अक्षरांत वाचावा. ॲट्राझीन, मेट्रिब्युझीन, २,४-डी ही उसातली नेहमीची तणनाशके हरभरा, मूग, चवळी, भुईमूग अशा द्विदल पिकांना मारक आहेत. कडधान्य घ्यायचं असेल तर त्या प्लॉटमध्ये खुरपणीच करावी. शेजारच्या उसात फवारणी करतानाही वाऱ्याची दिशा पाहावी.

खोडवा मोडल्यावर लगेच पुन्हा ऊस न लावता मध्ये उन्हाळी मूग किंवा भुईमूग घ्यावा. द्विदलाचा बेवड उसाला मानवतो, हे जुनी मंडळी सांगत आली आहेत. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, हे त्याचं कारण. त्यामुळे ही डाळ तुमच्या उसाचा घास काढून घेत नाही. मागच्या उसाची थकलेली जमीन ती पुढच्या उसासाठी सावरते.

सभासदांना विनंती

येत्या लागणीत प्रत्येक सभासदाने निदान दहा गुंठ्यांच्या उसात तरी घरच्यापुरतं कडधान्य टोकावं. लागणीची नोंद देतानाच गट ऑफिसमध्ये आंतरपीक कोणतं घेणार ते सांगावं, म्हणजे त्या प्लॉटमध्ये तणनाशक वापरायचं नाही हे शेतकी स्टाफच्या ध्यानात राहील.

आणि आजच्या रात्रीपासून करण्यासारखं काम म्हणजे, डाळ धुवायला घेताना घरातली माणसं मोजावीत आणि तेवढ्या मुठी टाकाव्यात. आपण उसाच्या काटा पावतीवरचा प्रत्येक किलो डोळ्यांत तेल घालून बघतो, आणि तसंच बघावं. तेवढंच बारीक लक्ष रात्रीच्या ताटावर गेलं तर घरातल्या माणसांचं वजन आणि ताकदही जागेवर राहील. शेवटी या उसाचं पाणी धरायला, पाचट पसरायला आणि हिशोब ठेवायला तीच माणसं लागणार आहेत.

— ऊस विकास अधिकारी