मालवाहू पिकअपसाठी हेडरची निवड

पुण्याच्या कोथरूड भागातून पौड रस्त्याने चांदणी चौकाकडे निघाले, की रस्ता हळूहळू चढू लागतो. भाजीपाला, बांधकामाचे साहित्य किंवा घरसामान लादलेल्या पिकअप गाड्या या चढावर खालच्या गिअरमध्ये कष्टाने पुढे सरकताना दिसतात. अशा एखाद्या जुन्या गाडीच्या मूळ मॅनिफोल्डला तडा गेला, म्हणजे त्याच्या जागी बाजारात मिळणारा हेडर बसवावा, असा सल्ला गाडीमालकास हमखास मिळतो. ओढ वाढते, इंधन वाचते आणि आवाजही भारदस्त होतो, असे त्यास सांगण्यात येते. गाडी हेच ज्याच्या कुटुंबाच्या चरितार्थाचे साधन आहे, त्याच्या दृष्टीने हा निर्णय किरकोळ नव्हे. म्हणून या भागाचे कार्य समजून घेणे अगत्याचे ठरते.

हेडरचे कार्य

इंजिनाच्या सिलिंडरांतील जळालेले वायू एकत्र करून पुढील नळीत सोडणारा भाग म्हणजे मॅनिफोल्ड होय. तो बहुधा बिडाचा, ओतीव व आखूड असतो. हेडरमध्ये मात्र प्रत्येक सिलिंडरासाठी स्वतंत्र पोलादी नळी असते आणि या सर्व नळ्या काही अंतरावर एकत्र येतात.

निष्कास झडप उघडताच नळीतून दाबाची एक लहर धावत जाते. नळ्या जेथे एकत्र येतात, तेथे जागा एकदम रुंदावत असल्याने तिचा काही अंश कमी दाबाची लहर होऊन माघारी फिरतो. झडप मिटण्याच्या सुमारास ही लहर परतली, तर सिलिंडरात उरलेला जळका वायू ती ओढून घेते आणि ताज्या मिश्रणास अधिक जागा मिळते. हेडरचा लाभ तो हाच.

परंतु हा लाभ वेळेवर अवलंबून असतो. तापलेल्या वायूत लहरीचा वेग सेकंदास सुमारे ५०० मीटर धरला, तर एक मीटर लांबीच्या नळीतून जाऊन परत येण्यास सेकंदाचे चार सहस्रांश लागतात. मिनिटास २,४०० फेऱ्यांच्या गतीने चालणारे इंजिन तेवढ्या अवधीत सुमारे ५८ अंश फिरते, तर ४,८०० फेऱ्यांवर सुमारे ११५ अंश. म्हणजेच एका लांबीची नळी सर्व गतींना सारखी उपयोगी पडत नाही. आखूड नळ्या जलद फिरणाऱ्या इंजिनास आणि लांब नळ्या सावकाश फिरणाऱ्या इंजिनास मानवतात. नळी वाजवीपेक्षा रुंद असेल, तर वायूचा वेग मंदावतो व खालच्या गतीतील ओढ घटते. शर्यतीच्या गाडीचा हेडर ओझे वाहणाऱ्या गाडीस उपयोगी पडत नाही, तो याच कारणाने.

इंजिनाचा प्रकार पाहावा

आपल्याकडील बहुतेक मोठ्या पिकअप गाड्यांना टर्बो-डिझेल इंजिन असते. यात निष्कास वायूंच्याच जोरावर टर्बोचे चाक फिरते आणि टर्बोचा भारही मॅनिफोल्डवरच असतो. पातळ नळ्यांच्या हेडरवर हा भार टाकल्यास सांध्यांना तडे जाण्याचा धोका असतो. अशा गाडीस मूळ मापाचा नवा बिडाचा मॅनिफोल्ड बसविणे हाच बहुधा शहाणपणाचा मार्ग होय. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाच्या बाबतीतच हेडरचा विचार संभवतो. चार सिलिंडरांच्या इंजिनात चार नळ्या आधी दोनांत व मग एकीत मिळणारी रचना मध्यम गतीत ओढ देते. मालवाहतुकीस तीच अधिक सोयीची.

धातू, सांधे आणि गळती

साधे पोलाद स्वस्त असते, पण लवकर गंजते. स्टेनलेस स्टील टिकते, परंतु तापल्यावर अधिक प्रसरण पावते. त्याची एक मीटर नळी ५०० अंश सेल्सिअसने तापली, तर आठ ते नऊ मिलिमीटरनी लांबते. या वाढीस वाव नसेल, तर ताण सांध्यांवर येतो. म्हणून इंजिनास टेकणारी पट्टी जाड व सपाट आणि सांधे सलग असावेत, तसेच पुढे लवचिक जोड असावा.

गॅस्केटभोवती काजळीचा डाग दिसणे किंवा थंड इंजिन सुरू करताना टिकटिक ऐकू येणे ही गळतीची चिन्हे होत. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असल्यास बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरची फसगत होते आणि इंधन अधिक खर्च होऊ शकते. याहून गंभीर गोष्ट अशी, की निष्कास वायूतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. तो चालकाच्या केबिनमध्ये शिरल्यास जीवावर बेतू शकते.

तपासणी आणि कायदा

कोथरूडच्या टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच सर्वांच्या परिचयाची एआरएआय, ही संस्था आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत वाहनांचे नमुने तपासले जातात. गाडीची चाके रुळांवर फिरवून ठराविक क्रमाने वेग कमीजास्त केला जातो, बाहेर पडणारा वायू गोळा करून त्यातील घटक मोजले जातात आणि आवाजाचीही चाचणी होते. गाडीला मिळणारी मान्यता ही इंजिन, मॅनिफोल्ड, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर व सायलेन्सर या संपूर्ण साखळीस मिळालेली असते. त्यातील एक कडी बदलली, की त्या मोजमापाचा आधार उरत नाही.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनातील अनधिकृत फेरफारास प्रतिबंध करते, तर आवाज व धूर यांविषयीच्या मानकांचा भंग कलम १९० अन्वये शिक्षेस पात्र आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांच्या पेट्रोल गाड्यांत कन्व्हर्टर बहुधा इंजिनाच्या अगदी निकट असतो. तेथे हेडरसाठी तो काढून टाकणे सर्वथा अयोग्य होय.

खरेदीपूर्वी

गाडीमालकाने प्रथम मूळ भागाची गळती तपासून घ्यावी. ओढ कमी होण्याचे कारण पुष्कळदा तुंबलेला एअर फिल्टर, झिजलेला क्लच किंवा फुटलेले गॅस्केट हे असते आणि त्याचा खर्च नव्या हेडरच्या मानाने अल्प असतो. तरीही हेडर घ्यावयाचा झाल्यास तो आपल्याच इंजिनाच्या मापाचा आहे ना, सेन्सर व कन्व्हर्टर यांची जागा कायम राहते ना, आणि हा बदल नियमांत बसतो ना, याची प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून खात्री करून घ्यावी. आवाज वाढला म्हणून शक्ती वाढली, असे होत नाही. चढावर भरलेली गाडी त्याच गिअरमध्ये पूर्वीपेक्षा सहज चढते काय आणि महिनाअखेर इंधनाचा हिशेब काय सांगतो, हीच खरी कसोटी होय.