ऱ्हाइनवरील सात रात्री आणि अरण्यातील एक दिवस : एक जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने युरोपातील एका नदीवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. मी स्वतः पणजी आणि कोल्हापूर यांच्या पलीकडे कुठे गेलेली नाही. तरीही ऱ्हाइन नदीला पाणी किती आहे, ही चौकशी आमच्या घरात भाताच्या भावाइतक्याच आस्थेने होते. याचे कारण माझा चुलतभाऊ. त्याला मी अण्णा म्हणते. २०२२ च्या मार्चपासून तो ऱ्हाइनवर चालणाऱ्या एका प्रवासी जहाजाच्या भटारखान्यात कामाला आहे.

त्याच्या अभ्यासक्रमाची फी, कागदपत्रे आणि विमानाचे तिकीट यांसाठी थोरल्या काकांनी खानापूर तालुक्यातील आमच्या शेताच्या बांधावरची अकरा झाडे विकली. सात फणस आणि चार साग. उरलेल्या रकमेसाठी सोसायटीचे कर्ज काढले. झाडे आजोबांनी लावलेली होती. व्यवहार ठरला त्या दिवशी ते काकांना एवढेच म्हणाले, "विकलीस, ठीक केलंस. पण बांध बोडका ठेवू नको."

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कर्जाचा हप्ता थकला. अण्णाने फोनवर कारण सांगितले, "नदीला पाणी नाही." इकडे आमच्या ओढ्याला पूर आला होता आणि अंगणात चिखल. काकांना ते कारण पटेना. मी तेव्हा अकरावीत होते. मलाही पटले नाही. त्या एका वाक्याचा अर्थ शोधता शोधता प्रस्तुत लेख तयार झाला. सुट्टीवर येताना अण्णाने जहाजावरची दैनिक कार्यक्रमपत्रके आणली होती. त्यांचा मला फार उपयोग झाला.

सहलीचे स्वरूप

या सहलीचा ठरीव मार्ग असा : स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे जहाजात बसायचे, सात रात्री जहाजावरच राहायचे आणि आठव्या दिवशी नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅमला उतरायचे. वाटेत ब्रायझाख, स्ट्रासबुर्ग, कोब्लेंट्स, कोलोन अशी गावे लागतात. जहाज साधारण ११० ते १३५ मीटर लांब, पण रुंदीला जेमतेम साडेअकरा मीटर. इतके चिंचोळे का, तर युरोपातल्या अनेक जलमार्गांवर लॉक आहेत आणि त्यांची रुंदी १२ मीटर असते. लॉक म्हणजे दोन दरवाजांमधला पाण्याचा हौद. त्यात जहाज उभे करून पाणी सोडले की जहाज खालच्या पातळीवर उतरते. पुलाखालून जाताना छतावरची सुकाणूची खोलीसुद्धा खाली दाबून घेता येते. थोडक्यात, रुंदी लॉकने ठरवली, उंची पुलांनी ठरवली आणि खोली नदीने. मालकाच्या हाती फक्त लांबी उरली.

हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर हा धंदा स्थिर खर्चाचा आहे. जहाजाचा घसारा, विमा, खलाशी व नोकरवर्ग यांचा पगार हे खर्च खोल्या भरल्या तरी होतात आणि रिकाम्या राहिल्या तरी होतात. एक रात्र रिकामी गेलेली खोली दुसऱ्या दिवशी गोदामातून काढून विकता येत नाही. हंगामही मार्च ते नोव्हेंबर आणि पुढे नाताळच्या बाजारापुरता. त्यामुळे त्या मोजक्या आठवड्यांत जहाज अडले तर नुकसान भरून काढायला जागा फार थोडी.

इथे अभ्यासात सापडलेली एक गंमत सांगते. ऱ्हाइनची लांबी अनेक वर्षे पुस्तकांतून १,३२० किलोमीटर अशी छापली जात होती. २०१० साली कोलोनच्या एका अभ्यासकाने दाखवून दिले की ती सुमारे १,२३० किलोमीटर आहे. बहुधा कुणाकडून तरी तीन आणि दोन या अंकांची अदलाबदल झाली आणि पुढच्यांनी ती उतरवून घेतली. तेरीज जुळत नसेल तर फरकाला ९ ने भागून पाहा, असे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. इथे फरक ९०. भाग पूर्ण जातो!

पाण्याचा जकातनाका

बाझेलच्या खाली इफेत्सहाइमपर्यंत दहा लॉक आहेत. तिथवर नदी बंधाऱ्यांनी अडवलेली असल्याने पाण्याची पातळी राखता येते. त्यापुढे जर्मनीत ऱ्हाइनवर एकही लॉक नाही. वरून येईल तेवढेच पाणी. या मोकळ्या टप्प्यात कौब नावाचे लहानसे गाव आहे. तिथे पात्र उथळ आहे, म्हणून जहाजाचे कप्तान आणि कारखानदार रोज सकाळी कौबच्या मोजपट्टीचा आकडा पाहतात. हा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. जहाजाच्या वाटेवरची खोली त्याहून एक मीटरभर अधिक असते. ऑक्टोबर २०१८ मध्ये हा आकडा २५ सेंटीमीटरपर्यंत खाली गेला. त्या वर्षी लुडविग्सहाफेनच्या बी.ए.एस.एफ. या रसायन कंपनीला उत्पादन कमी करावे लागले आणि कमी पाण्यापायी सुमारे २५ कोटी युरोंचा फटका बसला. ऑगस्ट २०२२ मध्ये तो पुन्हा ३० सेंटीमीटरच्या आसपास आला. आमचा हप्ता थकला तो याच महिन्यात.

अण्णाचे जहाज तेव्हा वरच्या टप्प्यात अडकले. प्रवाशांना बसमध्ये घालून कौबच्या पलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या जहाजावर नेण्यात आले आणि तिकडचे प्रवासी इकडे आणले. सहल पुरी झाली. पण बसचा खर्च वाढला, काही जणांनी बेत रद्द केले आणि नोकरवर्गाला मिळणारी बक्षिसी निम्म्यावर आली. अण्णाच्या पगारात पोट भरे, हप्ता बक्षिसीतून जाई.

याच कौबपाशी नदीच्या मधोमध एका खडकावर चौदाव्या शतकातला एक किल्ला उभा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांकडून जकात घेणे हेच त्याचे काम. असे नाके ऱ्हाइनवर ठिकठिकाणी होते. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने नदीवरील वाहतुकीसाठी मध्यवर्ती आयोग नेमला. तो आजही स्ट्रासबुर्ग येथे काम करतो आणि जगातील सर्वांत जुनी आंतरराष्ट्रीय संस्था म्हणून ओळखला जातो. १८६८ च्या मानहाइम करारानंतर पाण्यावरून नुसते जाण्याबद्दल जहाजांना कर उरला नाही. माणसांनी घेतलेली जकात गेली. पाण्याची जकात मात्र कौबलाच भरावी लागते, आणि तिचा दर कुठल्याही परिषदेत ठरत नाही.

अरण्यातील दिवस

जहाज ब्रायझाखला थांबले की प्रवाशांना एक दिवस बसने श्वार्त्सवाल्ड या डोंगरी अरण्यात नेतात. नावाचा अर्थ काळे अरण्य. फ्रायबुर्गवरून 'नरकदरी' अशा नावाच्या घळीतून गाडी वर चढते. पुढे टिटीसे सरोवर, लाकडी कोकिळा-घड्याळांची दुकाने, चेरीचा केक आणि घनदाट सूचिपर्णी झाडी. ऑगस्ट २०२२ मध्ये जहाज खोळंबले असताना बसमध्ये एक जागा रिकामी राहिली आणि ती अण्णाला मिळाली.

परत आल्यावर त्याने घड्याळांविषयी काही सांगितले नाही. तो म्हणाला, "अगं, अगदी आपलं कणकुंबी!" त्या अरण्यात ब्रेग नावाची नदी उगम पावते. तिचे पाणी डॅन्यूबमधून पूर्वेला काळ्या समुद्रात जाते. तिच्या उगमाजवळच निघणारी एल्त्स पश्चिमेला ऱ्हाइनला मिळते आणि तिचे पाणी उत्तर समुद्रात जाते. आमच्या तालुक्यातही कणकुंबीची मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे वळते आणि देगावच्या रानात उगम पावणारी म्हादई पश्चिमेला गोव्याच्या समुद्राला मिळते. दोन समुद्रांना पाणी वाटून देणारे रान पाहायला अण्णाला जर्मनीत जावे लागले.

प्रवाशांना हे अरण्य अनादी वाटते; पण आज दिसते त्यातला बराच भाग माणसाच्या हातचा आहे. मुळात इथे बीच आणि फर यांचे मिश्र रान होते. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत काच कारखाने, खाणी आणि परदेशी व्यापार यांसाठी डोंगर उघडे पडले. मोठमोठे ओंडके किंत्सिग आणि मुर्ग या उपनद्यांतून ऱ्हाइनवर आणत. तिथे त्यांचे शेकडो मीटर लांबीचे तराफे बांधत आणि शेकडो माणसे ते वल्हवत हॉलंडला नेत. तिकडे त्या लाकडाची गलबते होत. आजचे प्रवासी जहाज ज्या वाटेने जाते, त्याच वाटेने ते अरण्य विकले गेले.

उघड्या डोंगरांवर पुढे लवकर वाढणाऱ्या स्प्रूसची लागवड झाली. उत्पन्न लवकर आले. पण एकाच जातीचे रान कमकुवत निघाले. २६ डिसेंबर १९९९ च्या 'लोथार' वादळात ते मोठ्या प्रमाणावर आडवे झाले. २०१८ पासूनच्या कोरड्या उन्हाळ्यांत साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याने आणखी झाडे मारली. आता तिथे पुन्हा मिश्र रान वाढवण्याचा प्रयत्न चालू आहे. २०१४ पासून सुमारे १०,००० हेक्टरांचे राष्ट्रीय उद्यानही राखले आहे.

भांडवल की उत्पन्न?

सहलीच्या हिशेबात अरण्याच्या दिवसाचा खर्च कोणता? बसचे भाडे, वाटाड्याचे मानधन, केक. अरण्याच्या नावावर काहीच नाही, कारण जर्मनीच्या १९७५ च्या वनकायद्याने रानात फिरण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. पण जे फुकट मिळते ते वहीत येत नाही, आणि वहीत येत नाही ते झिजले तरी कळत नाही. ऱ्हाइनचे पाणी आल्प्सच्या बर्फातून, बोडन सरोवरातून आणि अशा डोंगरांवरच्या पावसातून येते. २०१८ आणि २०२२ साली ते आटले ते मुख्यतः पाऊस व बर्फ कमी पडल्याने. एकटे अरण्य ही तूट भरून काढू शकत नाही. परंतु रानाची माती पडलेले पाणी धरून ठेवते आणि सावकाश सोडते, हेही तितकेच खरे.

१७१३ साली सॅक्सनीतील हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स या खाण-अधिकाऱ्याने वनशास्त्रावर ग्रंथ लिहिला. धातू वितळवायला लाकूड पुरेना, ही त्याची अडचण होती. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की रान जेवढे वाढेल तेवढेच तोडावे. हे वाचताना मला आमच्या लेखाशास्त्राच्या पुस्तकातील नियम आठवला : लाभांश नफ्यातून द्यावा, भांडवलातून देऊ नये. कन्नड विभागातील माझ्या मैत्रिणीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आमच्यात पण बंडवाळच म्हणतात की!" भांडवल आणि बंडवाळ. शब्द इतके जवळचे, आणि चूकही दोन्हीकडे तीच.

या विचाराचा आपल्याशी सरळ संबंधही आहे. ऱ्हाइनकाठच्या बॉन शहरात १८२४ साली जन्मलेले डीट्रिख ब्रांडिस १८६४ मध्ये हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. तोडीचा हिशेब वाढीशी जुळवण्याची पद्धत त्यांच्या काळात आपल्या रानांत आली. मात्र १८७८ च्या वनकायद्याने रानाकाठच्या माणसांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे हक्क आकसले, हीही त्याच खात्याची खर्चाची बाजू आहे.

आमच्या घरचा ताळेबंद

आता पुन्हा बांधाकडे येते. अकरा झाडांचे आलेले पैसे ही भांडवली जमा की महसुली, असे मी वर्गात विचारले होते. सर म्हणाले, "भांडवलीच. पण त्यातून दुसरे भांडवल उभे राहिले का, ते पाहा." अण्णाचे कसब हे दुसरे भांडवल म्हणता येईल. २०२४ च्या अखेरीस त्याने सोसायटीचे कर्ज पूर्ण फेडले. काकांच्या मते खाते तिथे बंद झाले.

पण त्याच २०२४ च्या जुलैत आमचा बांध दोन ठिकाणी फुटला. खरेदीदाराने बुंधेसुद्धा उकरून नेले होते. त्याच जागा पावसाने धरल्या. भाताच्या खाचरात दगडगोटे आले आणि पीक निम्मे गेले. बांध घालायची मजुरी, बुडालेले भात, दरवर्षीचे फणस, शेळ्यांचा पाला यांपैकी एकही रक्कम झाडांच्या किमतीतून कुणी वजा केली नव्हती. झाडे विकली यात चूक नव्हती. अण्णाला पाठवायला दुसरा मार्गही नव्हता. चूक झाली ती घसारा न धरण्यात. आजोबांनी तो एका वाक्यात सांगितला होता.

गेल्या पावसाळ्यात मी आणि थोरल्या काकूंनी बांधावर बावीस रोपे लावली, बहुतेक फणसाची. जानेवारीत अण्णा सुट्टीवर आला तेव्हा आम्ही मोजली. चौदा जगली होती. आजोबा काठी टेकत बांधापर्यंत आले आणि त्यांनीही पुन्हा मोजली. मग म्हणाले, "अजून आठ लागतील."

अण्णा मार्चमध्ये जहाजावर परत जाईल आणि रोज सकाळी कौबचा आकडा पाहील. तोवर इकडे ओढा आटेल आणि रोपांना विहिरीचे पाणी घालावे लागेल. त्या कामाची वही मी वेगळी ठेवली आहे.